गेंड्याच्या कातड्याचे टायर

"थांबव! अरे थांबव म्हणतो ना, बैल असता तर कवाच थांबला असता!"

आबा, म्हणजे माझे वडील, माझ्या मागे बसून ओरडत होते, आणि त्यांचं म्हणणं बराबर होतं. बैल थांबला असता. माझी फटफटी थांबत नव्हती. ब्रेक दाबला की तिचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या पुढे जायला बघे. डावीकडे वळवली की तिला उजवीकडचं शेत पसंत पडे. शेवटी बांधावरची एक बोर तिनं स्वतःच निवडली आणि आम्ही बापलेक त्या बोरीत जाऊन बसलो. आबांच्या पागोट्यात इतके काटे रुतले की पुढे तीन महिने आमच्या घरात पायातला काटा काढायला कुणी सुई शोधली नाही, ज्याला लागेल तो पागोट्यातला एक उपटून घेई.

लागलं का, म्हणून मी विचारलं. आबा म्हणाले, "लागलं ते ऱ्हाऊ दे. दिवस किती वर आला ते सांग."

त्यांना दिवस दिसत नव्हता म्हणून विचारलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. समोर माणूस उभा आहे की खांब, हे ते खांब बोलला नाही म्हणजे ओळखत. अकोल्याकडचा डोळ्यांचा एक डॉक्टर दर वर्षी दसऱ्यानंतर एक दिवस वाशीमला येई, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत डोळे कापी आणि मोटारीत बसून परत जाई. आदल्या वर्षी, मोतीबिंदू कच्चा असताना, दाखवून आलो होतो तेव्हा त्यानं कबूल केलं होतं की लांबचा माणूस आहे, दुपारच्या आत आणा, दोन्ही डोळे एका दिवसात करून देतो. तो दिवस आज होता.

बैलगाडी का जुंपली नाही, असं कुणी शहरातला विचारील. रब्बीची पेरणी चालू होती. पेरणीचे बैल औतावरून सोडून स्वतःच्या डोळ्यासाठी गाडीला जुंपणारा कुणबी आमच्या गोरेगावच्या पंचक्रोशीत अजून जन्मायचा होता, आणि आबांना तो मान नको होता. राहिली फटफटी.

ही फटफटी लढाई संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेली. मी तेव्हा एका जिनिंगवाल्यासाठी गावोगाव कापूस पाहत फिरायचो, त्यासाठी ती घेतली होती. मी लोकांना सांगत असे की हिच्यावर बसून एका गोऱ्या साहेबानं बर्मातून वाघाला मागं टाकलं. वाघ मी नंतर घातला, पण साहेब खरा असावा, कारण टाकीला एक पोचा होता. घेतली तेव्हा तिचे टायर इतके गुळगुळीत झाले होते की त्यांच्यात तोंड पाहून भांग पाडता यावा. आबांना मागे बसवून न्यायचं ठरलं तेव्हा मी पहिल्यांदा टायरांचा गंभीरपणे विचार केला. एकटा होतो तोवर पडणं ही माझी खाजगी बाब होती.

टायर मिळे वाशीमलाच, म्हणजे इंग्रजी मुलखात, आणि तोही कलदार रुपयांत. आमच्या निजामाच्या हाली रुपयाकडे तिथला दुकानदार असा बघे जसा सोयरा काळ्या मुलीकडे बघतो. त्यानं माझ्यासमोर तीन प्रकार मांडले. एक लष्करी, मोठमोठ्या गुट्ट्यांचा, म्हणजे वर आलेल्या रबरी ठोकळ्यांचा. दुसरा उभ्या रेघांचा, टणक. तिसरा जुन्यावर नवं रबर चढवलेला, किमतीला निम्म्याहून कमी. मी अर्थातच तिसऱ्याला हात घातला.

दुकानदार म्हातारा होता आणि विकायची घाई नसलेला. त्यानं मला अंगठ्याचं नख प्रत्येकात रोवून बघायला लावलं. गुट्टीवाल्यात नख रुतलं, रेघांच्यात रुतलं नाही. रुततं ते रस्ता धरतं, तो म्हणाला, पण खडीवर लवकर झिजतं. रुतत नाही ते वर्षानुवर्षं टिकतं, पण ओल्यात पाय काढून घेतं. दोन्ही गुण एका रबरात देवानं घातलेले नाहीत. चढवलेला टायर त्यानं दोन हातांत वाकवून दाखवला. कडेला केसासारख्या भेगा उघडल्या. "हा एकट्यानं जायचं असंल तर घ्या," एवढंच तो म्हणाला.

मी त्या दुकानात एवढा वेळ बसलो की दोनदा चहा आला. आयुष्यात मी पुष्कळ गोष्टी निवडल्या, पण त्या तीन टायरांपुढे जेवढा विचार केला तेवढा बायको करताना केला नाही. दुकानात निवडायला मी एकटाच होतो म्हणून असेल. मागचं चाक ढकलतं, ते घसरलं तर माणूस नाचतो. पुढचं दिशा धरतं, ते घसरलं तर माणूस आडवा होतो. आमच्या गावापासून सडकेपर्यंत काळी माती, पुढे नाक्यापासून वाशीमपर्यंत खडी. शेवटी मागे गुट्ट्यांचा आणि पुढे रेघांचा असे घेतले. दुकानदारानं मान हलवली. ती मान मला आजही एखाद्या सनदेसारखी वाटते.

येताना कनेरगावच्या नाक्यावर निजामाची करोडगिरी, म्हणजे जकात, आडवी होती. नवे टायर म्हटलं की जकात. मी दोन्ही टायर वाशीमलाच चढवून घेतले होते आणि वाटेतल्या ओढ्याचा चिखल त्यांना असा फासला होता की म्हशीनं त्यांना बहीण म्हणावं. जमादारानं वाकून पाहिलं, काठीनं चिखल थोडा खरवडला, आणि विचारलं, "नये हैं क्या?" मी म्हणालो, माझ्या आजोबांच्या वेळचे. फटफटी आजोबांच्या वेळी निघाली होती का, हे त्याला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. त्यानं जाऊ दिलं.

इथवर सगळं ठीक होतं. पुढचं मात्र माझ्या तोंडाचं काम.

गावात पारावर सगळे जमले. टायर कशाचे असतात, असं कुणीतरी विचारलं. रबर म्हणालो असतो तर एका शब्दात काम झालं असतं. पण मला एक शब्द कधी पुरला नाही. मी सांगितलं की हे गेंड्याच्या पाठीचं कातडं आहे. आफ्रिकेत गेंडा पकडतात, त्याला तीन वर्षं खाऊ घालतात, आणि एका गेंड्यातून मोजून दोन टायर निघतात, म्हणून महाग. पोरंटोरं सोडा, जाणते लोकही टायरावरून हात फिरवून गेले. आबा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. हात त्यांनीही फिरवला, आणि जरा जास्त वेळ फिरवला.

आता आमच्याकडे कातड्याचं काय करतात ते सांगितलं पाहिजे. विहिरीवरची मोट कातड्याची. ती कोरडी पडली की फाटते, म्हणून तिला करडईचं तेल पाजतात. पाजतात हाच शब्द. कोमट करून, जिरेपर्यंत, हातानं. मोटेला तेल पाजण्यात आबांचा हात अख्ख्या शिवारात कुणी धरत नसे. त्यांची मोट बारा वर्षं टिकली होती. मी इतरत्र पंधरा सांगतो, पण इथं खरं लिहितो आहे.

डॉक्टरकडे निघायच्या दिवशी पहाटे मी झोपलो असताना आबांनी घरातलं तेल कोमट केलं आणि दोन्ही टायर पाजले. लेकानं एवढं महागाचं कातडं आणलं, ते चिरू नये म्हणून. गुट्टी गुट्टी हातानं चाचपून, न दिसणाऱ्या डोळ्यांनी. चाकाच्या मधला डबा त्यांना फारच कोरडा लागला, तेव्हा तिथं दोन पळ्या जास्त ओतल्या. त्या डब्यात ब्रेक असतो. मला टायर चमकताना दिसले. मला वाटलं, नवे आहेत, चमकणारच.

हे सगळं मला बोरीत बसून कळलं. चाक तपासायला हात लावला तर हाताला करडईचा वास. मी विचारायच्या आत आबांनीच सांगितलं, मोठ्या समाधानानं. म्हणाले, तुला सांगितलं न्हाई, पर पाजून ठेवलं हाय, आता धा वर्षं काळजी न्हाई.

तेवढ्यात बाजूच्या पडीक रानात मेंढरं घेऊन उतरलेला एक मेंढका आवाज ऐकून आला. त्यानं आबांना काट्यांतून सोडवलं, फटफटी उभी केली, आणि टायराला अंगठा लावून मला विचारलं, हे काय हाय. सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, गेंड्याचं कातडं.

"कातडं न्हाई हे," तो म्हणाला. "कातड्याला केसाची भोकं असत्यात. कशाचंबी असू दे, उंदराचंबी. हा कोन्या झाडाचा चीक दिसतोय."

आबा माझ्याकडे तोंड करून उभे होते. त्यांना मी दिसत नव्हतो, याचा त्या दिवशी मला पहिला आणि शेवटचा आधार वाटला. मी म्हणालो, "आबा, ते रबर हाय. तेल लावलं की घसरतं. मी पारावर उगाच बोललो."

आबांनी पागोट्याचा शेव सोडला, खाली बसले, आणि चाचपत चाचपत टायर पुसायला लागले. मेंढक्यानं आपल्या चुलीतली राख आणून दिली. आम्ही तिघांनी राख चोळली, माती चोळली, पुन्हा राख. मी सांगत असतो की तीन चुली रिकाम्या झाल्या. चूल एकच होती. पण टायरांचं तेल निघालं तरी ब्रेकच्या डब्यातलं निघेना, तो खोलायला माझ्याजवळ पाना नव्हता. मग प्रत्येक उताराला मी आबांना खाली उतरवायचं, फटफटी हातानं आवरत न्यायची, आणि परत येऊन त्यांना हाताला धरून खाली न्यायचं. त्या रस्त्यावर एवढे उतार आहेत हे मला तोवर ठाऊक नव्हतं. वर चढताना मात्र गुट्ट्यांनी माती अशी धरली की म्हाताऱ्या दुकानदाराला मी मनातून हात जोडले. निवड चुकली नव्हती. निवडणाऱ्याचं तोंड चुकलं होतं.

वाशीमला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. डॉक्टर शेवटच्या रोग्यांवर होता, मोटार दाराशी उभी. त्यानं आबांच्या कपड्यांवरची राख पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला की उजेड आहे तोवर एकच डोळा होईल, उजवा. डावा पुढच्या वर्षी. मी हातापाया पडलो. तो म्हणाला, "सूर्याला सांगा."

उजवा डोळा चांगला उतरला. पट्टी सुटल्यावर आबांनी जाड भिंगाचा चष्मा लावून आधी बैल पाहिले, मग पेरलेलं रान पाहिलं, आणि पेरणी वाकडी झाली म्हणून सालगड्याला धारेवर धरलं. घरात दिवाळी झाली.

पुढचं वर्ष आलं ते वेगळंच. रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला, नाक्यावर बंदुका आल्या, इकडचा माणूस तिकडे गेला की परत येईल याचा भरवसा उरला नाही. दसरा गेला, डॉक्टर वाशीमला येऊन गेल्याचं ऐकलं. आम्ही गेलो नाही. त्याच्या पुढच्या वर्षी पोलीस ॲक्शन झाली, रस्ते मोकळे झाले, आणि मी आबांना घेऊन गेलो. डॉक्टरनं डावा डोळा उघडून पाहिला. फार पिकला होता, आत फुटला होता. त्याचं आता काही होणार नव्हतं.

परत येऊन दोन दिवस मी घरात कुणाशी बोललो नाही. गाव काळजीत पडलं, मला काही झालं की काय म्हणून. तिसऱ्या दिवशी आबा अंगणात बसून अंबाडीचं दावं वळत होते. मी जवळ जाऊन बसलो. म्हणालो, "आबा, तुमचा डावा डोळा माझ्या तोंडानं गेला. त्या दिवशी दुपारच्या आत पोचलो असतो तर दोन्ही झाले असते."

त्यांनी पीळ सोडला नाही. चष्म्यातून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "एका डोळ्यानं बी तू पुरा दिसून राहिला."