फोटोसाठी साडी

माझ्या थोरल्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा मुलीकडून एकच मागणी आली. हुंडा नको होता, सोनं नको होतं. फक्त मुलाच्या आईने त्या दिवशी लुगडं नेसू नये, साडी नेसावी. म्हणजे फोटो बरे येतील.

भाऊ मुंबईत एका कचेरीत होता. मुलगी त्याच कचेरीतली, वांद्र्याची, आमच्यासारखीच ख्रिस्ती. तिची आई घरीदारी फ्रॉक घालायची. माझी आई, वसईकडच्या आमच्या वटार गावातल्या तिच्या वयाच्या सगळ्या बायकांसारखी, तांबड्या चौकड्यांचं लुगडं नेसायची. केळी शिंपायला लुगडं, बाजाराला लुगडं, चर्चमध्ये मिस्साला लुगडं. मिस्साचं तेवढं कोरं असायचं. भावाने हा निरोप जमिनीकडे बघत सांगितला. आई भाकरी थापत होती. तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि म्हणाली, "बरं. साडी आणायला मुंबईला जाऊ."

मी पेटले. माझा मामा वालीवच्या एका कारखान्यात होता. तो युनियनची उरलेली पत्रकं आमच्याकडे आणून टाकायचा. गोष्टीची पुस्तकं घरात नव्हती, त्यामुळे मी बाराखडीनंतर थेट 'कामगार बंधूंनो' वाचायला लागले. कॉलेजात गेल्यावर मी स्वतःच पत्रकं लिहायचे. आईच्या लुगड्यावर आलेलं हे संकट मला नुसतं घरगुती वाटलं नाही. तो शहराने गावावर केलेला हल्ला होता. आईने तो पहिल्याच वाक्यात मान्य करून टाकला होता, आणि तिला परत लढ्यात आणण्याची जबाबदारी माझ्यावर पडली होती. म्हणून मी तिच्याबरोबर निघाले.

आम्ही पोचलो तेव्हा कापडबाजार उघडायला वेळ होता. आई म्हणाली, "तोवर ते राजाच्या वस्तू ठेवतात ते बघू." मी तिला वाटेत सांगितलं की संग्रहालय म्हणजे लुटीचा माल मांडायची जागा. "असू दे," आई म्हणाली, "मांडलाय तर बघू."

आत तिने सगळं सारख्याच गतीने बघितलं. तलवारी, मूर्ती, पेंढा भरलेला वाघ. वाघापाशी ती म्हणाली, "मिशा कोणी लावल्यात हो याला?" एका दालनात ठिकठिकाणच्या पोशाखातले पुतळे काचेच्या कपाटांत उभे होते. शेवटच्या कपाटात वसईकडची ख्रिस्ती बाई होती. तांबडं लुगडं, कानात सोनेरी बुगड्या, कमरेवर घागर.

आई कपाटासमोर उभी राहिली. बाहेर एक आणि आत एक, कपडे तेच.

"हिला नेसवणारा बाप्या असणार," ती म्हणाली. "पदर उलट्या खांद्यावर टाकलाय."

ही संधी होती. मी बोलायला लागले. जे जिवंत असतं त्याला आधी लाजवतात, मग ते मेलं की काचेत ठेवतात आणि तिकीट लावतात, असा माझा मुद्दा होता, आणि तो बरा जमत होता. तेवढ्यात रखवालदार आला आणि म्हणाला, "ताई, आवाज खाली. भाषण बाहेर."

आवाज ऐकून शाळेची एक सहल आमच्याकडे वळली. मुलांनी पुतळा पाहिला, आईला पाहिलं, परत पुतळा पाहिला. वेण्या घातलेली एक मुलगी आपल्या बाईंना म्हणाली, "बाई, या पण यांच्यातल्याच का?"

"हो," आई म्हणाली. "आज सुट्टी आहे माझी."

मुलं हसली. आईने त्यांना एक गिरकी घेऊन दाखवली, पदर कुठून कुठे जातो ते सांगितलं, आणि आम्ही बाहेर पडलो.

"बघितलंस?" मी म्हटलं. "उद्या तू साडी नेसलीस की लुगडं फक्त त्या कपाटात उरेल."

"तू का नाही नेसत मग?"

मी पंजाबी ड्रेसमध्ये होते. "माझं वेगळं आहे," मी म्हटलं.

"हो ना," आई म्हणाली. "चल, दुकानं उघडली असतील."

बाजाराबद्दलही माझं मत तयार होतं. नको असलेली वस्तू हवीशी वाटायला लावणारी जागा. आई मात्र वाटेतल्या प्रत्येक फळवाल्यापाशी थांबून केळ्यांचा भाव विचारत होती, घ्यायची नसताना, आणि उत्तर ऐकून "अगं बाई!" म्हणत होती. साडीच्या दुकानात आम्ही गादीवर बसलो. दुकानदाराने आईचा सावळा रंग आणि ठेंगणा बांधा बघून फिक्या, बारीक काठांच्या साड्या काढल्या.

"या नकोत. गर्द हिरवी दाखवा. पन्हा मोठा पाहिजे."

"मावशी, मोठा पन्हा तुम्हाला पायात येईल."

"येऊ द्या."

"आणि गर्द हिरवा गोऱ्या रंगावर खुलतो, खरं सांगतो."

"म्हणून तर मागतेय," आई म्हणाली.

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. मला तिच्या पराभवाच्या रंगाशी काही देणंघेणं नव्हतं. आईने घासाघीस करून गर्द हिरवी, जरीकाठाची, लांबरुंद साडी घेतली आणि पिशवीत केळफुलासारखी जपून ठेवली.

मग आम्ही एका इराण्याच्या हॉटेलात शिरलो. तिथले पोरे किती तास राबतात हे मला ठाऊक होतं, म्हणून मी काहीही खाणार नव्हते. आईने दोन चहा मागवले आणि पिशवीतून तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाची चटणी काढून संगमरवरी टेबलावर मांडली. वेटर धावत आला.

"आई, बाहेरचं खायला मनाई आहे."

"बाहेरचं कुठे? घरचं आहे. घे तू पण."

त्याने गल्ल्याकडे बघितलं, अर्धी भाकरी घेतली आणि पाठमोरा उभा राहून खाल्ली. मी तोंड घट्ट मिटून बसले होते.

"जेव गं. चेहरा का असा?"

"तू लढायच्या आधीच हरलीस."

"काय हरले?"

"लुगडं!"

आईने चहा बशीत ओतला. "माझं लुगडं पेटीत आहे. इस्टरला घेतलंय. तेच नेसणार."

"आणि ही साडी?"

"विहिणीची. एवढी हौस आहे बाईला साडीची, आणि स्वतःकडे एकपण नाही. मानाचं वस्त्र द्यायचंच होतं."

मी भाकरी घेतली. आमच्या वाडीत विहिणीला मानाचं वस्त्र लग्नाच्या आदल्या दिवशी सगळ्या सोयऱ्यांसमोर देतात, आणि तिने ते लग्नात अंगावर घालायचं असतं. नाही घातलं तर देणारीचा अपमान होतो. वांद्र्याच्या लोकांनाही हे माहीत होतं.

"त्या रागावल्या तर?"

"साडी नेसा असं त्यांनीच सांगितलं ना? मी कुठं काय बोलले?"

आदल्या दिवशी आई दोन मावश्यांना घेऊन वांद्र्याला गेली. ताटात साडी, वर आमच्या केळ्यांची सुकेळी, वर फुलं. वीसेक नातेवाईक बघत होते. विहिणीने साडी बघितली, आईच्या लुगड्याकडे बघितलं आणि हसून ताट घेतलं. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

लग्नाला विहीणबाई त्याच हिरव्या साडीत आल्या. त्यांच्या गोऱ्या अंगावर रंग खुलला होता, दुकानदार खोटं बोलला नव्हता. पण कोणीतरी घाईत नेसवलेली होती, आणि पहिल्या गुडघे टेकण्यातच निऱ्या सुटायला लागल्या. आई आपला बाक सोडून त्यांच्याकडे गेली, निऱ्या खोचल्या आणि मिस्सा संपेपर्यंत तिथेच थांबली.

फोटोग्राफरला दोन आया दोन टोकांना हव्या होत्या. पण फोटोत त्या दोघी एकमेकींना चिकटून उभ्या आहेत, हिरवी साडी आणि तांबडं लुगडं, आणि आईचा एक हात विहिणीच्या पाठीमागे गेलेला आहे. मी त्याला एकजूट म्हणते आणि सभेत उदाहरण म्हणून सांगते. आई म्हणते, "कसली एकजूट? हात काढला असता तर साडी खाली आली असती."