मुठीखालचा गंज

करंदीकर काकांनी मला खुर्ची दिली, हे आधी लिहिते. आठवीत शाळा सोडलेली, नवऱ्यामागे हिंगोलीहून भोपाळला आलेली, त्यांच्या घरी पोळ्या लाटणारी मी. त्यांनी मला कॉम्प्युटरपुढे शेजारी बसवून शिकवलं. ते गेले त्याला सहा आठवडे झाले. कारखान्याच्या टाउनशिपच्या क्लबात शोकसभा झाली, तिथे त्यांच्याच खात्यातले एक निवृत्त साहेब माईकवर म्हणाले, "करंदीकर साहब भले आदमी थे, बस तलवार के मामले में धोखा खा गए." लोक हसले. शोकसभेत! मी मागच्या रांगेत होते. उठून बोलायला हवं होतं, उठले नाही... म्हणून लिहिते आहे.

काकांनी कारखान्यात उभा जन्म पोलाद तापवून विझवण्यात घालवला. रिटायर झाल्यावर इंद्रपुरीतल्या घरी त्यांना जुन्या जपानी तलवारींचा नाद लागला. विकत घ्यायचा नव्हे, पारखायचा. इंटरनेटवर लिलाव चालत, त्यातले फोटो बघून काका सांगत, ही खरी, ही परवा घडवलेली. लांबलांबचे लोक त्यांना विचारत. ग्वाल्हेरच्या एका घरी आजोबांनी ब्रह्मदेशच्या लढाईतून आणलेली तलवार होती. लिलावात टाकण्याआधी त्यांनी ती काकांकडे आणून ठेवली. काकांनी मूठ उतरवली, बघितलं, आणि दिवसभर गुणगुणत राहिले. "तीनशे वर्षं तरी, सुनीता!" तसं ग्वाल्हेरला कळवूनही टाकलं. फोटो मात्र उद्या, चांगल्या उजेडात.

उद्या खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी विळी, कोयता, नवऱ्याचे पाने-पक्कड, सगळं घासूनपुसून पुजतात. काका फुलं आणायला गेलेले. टेबलावर तलवार, पातं आरशासारखं आणि मुठीत जाणारा भाग काळाकुट्ट. इतकी देखणी वस्तू आणि अशी मळकी पुजायची? मी चिंच लावली, राख लावली, मग पॉलिश पेपर... लख्ख केली. हळदकुंकू वाहिलं. काका झेंडू घेऊन आले, पिशवी खाली ठेवून बसले. घासलेला भाग उजेडाकडे धरून बघितला. मग म्हणाले, "तो मळ नव्हता गं. तो तिचा जन्मदाखला होता." मी रडायला लागले तर म्हणाले, "रडू नकोस. ये, बस इथे. काय गेलं ते बघायला शीक."

त्या दिवसापासून शिकले. जुना गंज काळपट, गुळगुळीत, लोखंडात मुरलेला. ॲसिड लावून आणलेला तांबूस, बोटाला लागणारा. धारेजवळची लाटेसारखी रेघ खऱ्या पोलादात आतून उमटते, खोटीवर वरून कोरलेली असते. आणि वीस फोटो टाकून मुठीखालचा एकही न टाकणारा विकणारा... त्याच्या वाटेला जायचं नाही.

लिलाववाल्यांनी तो चकचकीत भाग पाहून लिहिलं, जुनी असल्याचा पुरावा नाही. ग्वाल्हेरचे मालक तणतणत आले, "आपने तो तीन सौ साल बोला था!" मी स्वयंपाकघराच्या दारात. तोंड उघडणार तोच काकांनी हाताने थांबवलं. "मैंने ही घिस दी. कारखाने की आदत है." कुणाला पटलं नाही. चूक झाकायला घासली, असंच सगळ्या टाउनशिपभर झालं. हळूहळू विचारणारे आटले. मी एकदा चिडून म्हटलं, "काका, का खोटं बोललात?" "तुझी चारही घरची कामं माझ्या शब्दावर आहेत. माझं काय जायचंय आता?"

गेलं ना, काका! सगळं गेलं, आणि वर हसायला माईक मिळाला लोकांना. ज्यांनी जन्मात मुठीखाली डोकावलं नाही, ते तुमची अक्कल काढतात. ग्वाल्हेरकरांनीसुद्धा मूठ कधी उतरवली नव्हती. तो गंज पाहिलेले आपण दोघंच होतो, आता मी एकटी... आणि मीच इतकी वर्षं गप्प.

ग्वाल्हेरच्या त्या घराचा पत्ता माझ्याकडे आहे. मोठं फाटक आहे म्हणतात. माझी हिंदी तिथे अडखळेल, कदाचित हाकलूनही देतील. अजून धीर झालेला नाही. पण जाईन. तुमची पारख बरोबर होती, हात माझा होता, हे त्यांना तोंडावर सांगून तुमचं ऋण फेडीन, काका.