एका ठोक्याची जागा

आई खिडकीशी बसून मेथी निवडत होती आणि माझा रॅप गुणगुणत होती. मी दारातच थांबलो.

आमच्या वस्तीत तीन उन्हाळे नळाला पाणी नाही, त्यावरचं ते गाणं. ज्या ठेकेदारानं पाइप न टाकताच काम पूर्ण दाखवलं, त्याचं नाव मी आधी लिहिलं होतं. आईनंच हात जोडले, "बाबा, नाव तेवढं घेऊ नकोस." मी नाव काढलं आणि त्या जागी एक ठोका रिकामा सोडला. बीट वाजत राहतं, मी गप्प. ऐकणारे त्याला माझी स्टाइल म्हणतात. मीही तसंच सांगतो.

खरं तर ती भीती आहे, तालात बसवलेली. परवा कोपऱ्यावर ठेकेदाराच्या माणसानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गाणं ऐकलं. मस्त आहे," एवढंच म्हणाला. तो हात अजून तिथंच आहे. आवाज घुमू नये म्हणून गोधड्या टांगलेल्या कपाटात तोंड घालून मी रेकॉर्डिंग करतो, तेव्हाही असतो. जे दिसतं ते बोलायचं म्हणून मी लिहायला लागलो. आता लिहायला बसलो की आधी ऐकणारा दिसतो.

आई त्या ओळीशी आली. हातात जुडी, मान डोलतेय. रिकामा ठोका आला आणि तिनं ते नाव घेतलं. स्वच्छ, तालात, अगदी सहज.

खाली रस्त्यावरून कुणीतरी चाललं होतं. मी पुढे झालो आणि खिडकी लावून घेतली.