उन्हात चार्ज केलेला कोळसा

माझी ही फजिती आमच्या घरात मी सोडून सगळे सांगतात. आज म्हटलं, चहा होतोच आहे, तर मीच सांगून टाकतो. निदान तिखटमीठ तरी माझ्या हातचं.

मी देवासहून, वीज खात्यातून रिटायर झालो आणि मनावर शहराजवळच्या खेड्यात थोरल्या भावाकडे राहायला आलो. दादा दुकान बघतात, शेत वहिनी बघतात. शेताच्या वरच्या अंगाला मुरमाड पट्टा आहे, तिथला मका गुडघ्याच्या वर कधी गेला नाही. तो सुधारायचा विडा मी उचलला. मला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही.

उन्हाळ्यात गावात बायोचारचं शिबिर झालं. कपाशीच्या काड्या कमी हवेत जाळायच्या, त्यांचा कोळसा करायचा आणि मातीत मिसळायचा. शिकवणाऱ्या दीदी शेवटी म्हणाल्या, "एक बात याद रखना, चार्ज किए बिना खेत में मत डालना." कसं करायचं तेही त्या सांगणार होत्या, पण मी तोवर उठलो होतो. जन्म विजेत गेलेल्या माणसाला चार्जिंग काय शिकवायचं?

मी कोळसा केला, पत्र्यावर पसरला आणि उन्हात ठेवला. सोलरवर. संध्याकाळी वर ताडपत्री घालायचो, चार्ज उतरू नये म्हणून.

शेजारचे पाटीदार बघायला आले. "भिया, कितने दिन में फुल होगा?"

"आठ. बादल आए तो दस," मी छातीठोकपणे सांगितलं. त्या आठवड्यात आणखी तीन घरांच्या पत्र्यांवर कोळसा वाळत पडला.

वहिनींनी एकदाच विचारलं, "भावजी, याला शेण-गोमूत्र काही लागत नाही का?"

"वहिनी, हे विज्ञान आहे."

 उरलेला चार पोती कोळसा त्यांनी म्हशींच्या गोठ्यात ओल शोषायला पसरला. मला त्यांची कीव आली होती, खोटं कशाला बोलू.

पेरणीनंतर वीस दिवसांत माझा पट्टा हळद लागल्यासारखा पिवळा पडला. आणि वहिनींनी गोठ्यातला तो कोळसा शेणामुतासकट ज्या चार ओळींत घातला होता, तिथला मका काळाभोर हिरवा. मी पाणी दिलं, कीड शोधली, बियाण्याला शिव्या घातल्या. शेवटी दीदींना बोलावलं.

"चार्ज किससे किया?"

"धूप से."

दीदींनी मातीतला कोळशाचा एक तुकडा उचलून माझ्या हातावर ठेवला. मग समजावलं, की कोरडा कोळसा उपाशी असतो. आधी शेण-गोमूत्रात भिजवून त्याचं पोट भरायचं, नाहीतर तो पिकाच्या तोंडचं खत ओढून घेतो. मी तर त्याला आठ दिवस वाळवून आणखी उपाशी ठेवला होता.

लाज वाटली ती त्या तीन घरांची. दुसऱ्या दिवसापासून वहिनींच्या मागे मागे त्यांच्या शेतांत शेणकाल्याच्या बादल्या वाहिल्या. त्यांचा मका सावरला. माझा पट्टा मात्र दीदींनी तसाच ठेवायला लावला, लोकांना दाखवायला.

भादव्यात धामनोदकडचे शेतकरी जीप भरून आले. वहिनींच्या ओळी बघून झाल्यावर एक जण माझ्या पट्ट्यापाशी थबकला. "ये किसने किया?"

"पता नहीं भिया," मी म्हणालो, "कोई शहर से आया था."

मागून वहिनींचा आवाज आला, "भावजी, तिथेच उभे राहा. दीदींना मक्याबरोबर तुमचाही फोटो हवाय."