मॅविस ब्लेंकिनने काढलेलं पाणी

मॅविस ब्लेंकिनला समुद्रकाठच्या कॅरॅव्हॅनच्या तळावर कुणी चहाला बोलवत नसे. बोलावलं असतं तरी ती गेली नसती. हल शहरातल्या मासळीच्या कारखान्यात तिने उभी हयात कॉड कापण्यात घालवली होती. हातात सुरी नसली तरी ती बोलायला लागली की समोरचा एक पाऊल मागे सरायचा.

नवरा सिरिल गेला आणि मागे समुद्राकडच्या पहिल्या रांगेतली जुनी कॅरॅव्हॅन, चाकांवरचं घर, राहिली. वसंतापासून ऑक्टोबर संपेपर्यंत मॅविस तिथं राहायची. हिवाळ्यात तळ बंद, मग नाइलाजाने हल शहरात, सुनेच्या घरातल्या मागच्या खोलीत. "तिथं मला खोकायचं तरी विचारावं लागतं," एवढंच ती त्या खोलीबद्दल सांगायची. कॅरॅव्हॅनची तळावरची भाड्याची जागा गेली असती तर बारा महिने तीच खोली होती.

मी तळावर नळाची आणि गॅसची कामं करायचो. माझं आणि तिचं कधी पटलं नाही. एकदा मी तिचा नळ बसवून दिला, तर तिने माझ्यासमोरच तो उघडला, टेप काढली आणि पुन्हा स्वतःच्या हाताने गुंडाळली. वर म्हणाली, "जखमेला बांधतात तशी बांधलीस. नळ आहे तो."

मग कीथ ओल्ड्रॉइड मॅनेजर म्हणून आला. आधी तो जुन्या गाड्या विकायचा. त्याला पहिली रांग मोकळी हवी होती, तिथं नव्या मोठ्या कॅरॅव्हॅन उभ्या करून विकायच्या होत्या. जुन्या माणसांना कारणाशिवाय हलवता येत नव्हतं. त्याने कारण तयार केलं. हिवाळ्यात आत राहिलेलं पाणी गोठून ज्याचा पाइप फुटेल, त्याची जागा जाईल. शिवाय हिवाळ्यासाठी कॅरॅव्हॅन बंद करताना नळांतलं पाणी तळाच्या माणसाने काढायचं, नाहीतर निदान त्याच्या देखत काढायचं.

"माझ्या नळांना परका हात लागणार नाही," मॅविस मला म्हणाली. "बघायचं तर बघ. बूट बाहेर काढ."

म्हणून ऑक्टोबरअखेर मी मोजे घालून तिच्या स्वयंपाकघरात उभा होतो.

तिने बाहेरचा कॉक बंद केला. आतले सगळे नळ, गरम आणि गार, पूर्ण उघडले. मग पोतं टाकून कॅरॅव्हॅनखाली गेली आणि तळाशी असलेले कॉक सोडले. एकात गंज अडकला होता, तो तारेने काढला. गीझर रिकामा केला. शॉवरची नळी काढून खाली आडवी ठेवली, कारण टांगलेल्या नळीच्या पोटात पाणी राहतं. शेवटी नळाच्या तोंडाला गाडीचा पायपंप जोडला आणि दाबायला लागली. दुसऱ्या नळांतून पाणी थुंकल्यासारखं बाहेर आलं. थुंकायचं थांबलं तरी ती दाबतच होती.

"बास की आता," मी म्हणालो.

"तुला घाई असेल तर तू जा. पाणी गेल्याशिवाय मी जात नाही."

संडासाची टाकी तिने फडक्याने कोरडी केली. भांड्यात आणि सिंकच्या वाकड्या नळीत न गोठणारं गुलाबी औषध ओतलं. नळ उघडेच ठेवून दार लावलं. मी चूक शोधत होतो. सापडली नाही, याचा मला रागच आला.

त्या हिवाळ्यात पूर्वेचा वारा आठवडाभर थांबला नाही. बाहेरच्या बादल्या आतलं पाणी गोठून फुटल्या.

मार्चमध्ये तळ उघडला. तिचं पाणी चालू करायला मी गेलो. पाणी सोडण्याआधी ती नळ बंद करायला आत गेली, आणि स्वयंपाकघरातच थांबली.

"हा तू बंद केलास?"

"मी कशाला करू?"

तिने संडासात जाऊन पाहिलं. मला हाक मारली. "भांड्यात काय दिसतंय?"

"पाणी."

"रंग?"

रंग नव्हता. टाकीही भरलेली होती. मॅविसचा चेहरा दगडासारखा झाला. "त्या गाडीविक्याला बोलाव. तो आल्याशिवाय कॉकला हात लावू नकोस."

कीथ आला. तिने सांगितल्यावर मी बाहेरचा कॉक उघडला. सिंकखाली फटकन पाइप सुटला आणि कपाटातून पाणी जमिनीवर आलं. मी कॉक बंद केला.

"वाईट झालं, आजीबाई," कीथ म्हणाला. त्याला वाईट वाटलेलं दिसत नव्हतं. "नियम तुम्हाला माहीत आहे."

"गुलाबी औषध कुठं गेलं?"

"तुम्ही घालायला विसरलात. वय होतं माणसाचं."

"आणि टाकी कुणी भरली? मी थंडीत हलहून इथं मुतायला आले होते का?"

कीथने माझ्याकडे पाहिलं. "लेन, सांग यांना."

"औषध घातलं होतं," मी म्हणालो. "टाकी पुसली होती. नळ उघडे होते."

"तू पगार कुणाचा घेतोस?"

"तुझा. बघायला तूच पाठवलं होतंस."

शेजारची माणसं बाहेर येऊन ऐकत होती. प्रत्येक कॅरॅव्हॅनची दुसरी किल्ली फक्त तळाच्या ऑफिसात असते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कीथ लाल झाला. "गिऱ्हाईक होतं! पहिल्या रांगेतून समुद्र कसा दिसतो ते बघायचं होतं त्यांना. गारठली होती माणसं. चहाच तर केला!"

"मग पाणी काढलंस?"

"बाहेरचा कॉक बंद केला की."

मॅविस हसली. तिला हसताना मी तेवढंच पाहिलं. "नवीन येणारं बंद केलंस, आणि आलेलं आतच गोठायला ठेवलंस. आणि तू हा तळ चालवतोस."

त्यानंतर तिची जागा काढायची भाषा कीथला जमण्यासारखी नव्हती. पाइप तळाच्या खर्चाने मी बदलला. मॅविस स्टूल घेऊन माझ्या मानेपाशी बसली होती. काम संपल्यावर तिने प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवून पाहिला.

"तू खरं होतं म्हणून बोललास, माझ्यासाठी नाही," ती म्हणाली. "आभार मानणार नाही."

"मला नकोच आहेत."

"मग नीघ. जमीन पुसायचीय."

दुसऱ्या दिवशी तिने दाराचं कुलूप बदललं. एक किल्ली ऑफिसात द्यायचा नियम आहे. तिने दिली नाही, आणि कीथने मागितली नाही.