अंदाजाने गाडी न सोडणारा

सकाळच्या डब्यांच्या घाईत रेवाच्या टॅबवर माझ्या आईचा निरोप आला. ‘मामा केला.’ माझी लेक खो खो हसली. “आई, आजी म्हणते मामा केला! कसा केला, रव्याचा?” मीही हसले. हातातली पोळी डब्यात ठेवली आणि मग हात तिथंच थांबला. आईला ‘गेला’ लिहायचं होतं... तिला ऐकू येत नाही, त्यामुळे ती फोन करू शकत नव्हती. आईच्या शेजारी राहणाऱ्या चुलतभावाचा फोन आला तो नंतर. वेंकू मामा झोपेतच गेल्याची बातमी मला मामानंच लिहिलेल्या प्रोग्राममधून कळली, आणि तीही चुकीसकट. तो असता तर आधी त्या चुकीबद्दल आईशी भांडला असता.

मामा पापनाशमचा स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झाला. माझं माहेर तंजावूरला, राजवाड्यामागच्या गल्लीत. मामी लवकर गेली, माझे वडीलही गेले, आणि ही दोघं भावंडं म्हातारपणी पुन्हा एका घरात राहू लागली, भांडू लागली. माझी आई त्याची अक्का. एका आजारपणात तिचे कान गेले. त्यानंतर मामा तिच्याशी पाटीवर खडूनं लिहून बोलायचा. लिहायचा मराठी, पण तमिळ अक्षरांत. कारण आमच्याकडे, तंजावूरच्या जुन्या मराठी घरांत, मराठी बोलतात सगळे, देवनागरी वाचणारे मात्र शोधावे लागतात. मी पुण्यात सून म्हणून आले तेव्हा दुकानांच्या पाट्या वाचत वाचत देवनागरी शिकले. रेवा पुण्याचीच. तिला तमिळ अक्षर म्हणजे जिलेबी.

त्यामुळे आजी आणि नात यांच्यात मी. रेवा मला सांगणार, मी ते तमिळ अक्षरांत लिहून पाठवणार, आईचं उत्तर मी वाचून दाखवणार. मी ऑफिसात असले की दोघी मुक्या. आणि खरं सांगायचं तर मी थोडी काटछाटही करायची. रेवाची कुरकुर आईपर्यंत पोचू द्यायची नाही, आईचे टोमणे रेवापर्यंत. मामानं ते ओळखलं होतं. एकदा मी माहेरी गेले असताना तो म्हणाला, “आजी-नातीच्या बोलण्यांत तूं कशाला गे? त्यांस भांडूं दे की.”

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यानं संगणकाच्या क्लासात नाव घातलं. कॉफीपूड दळणाऱ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तो क्लास भरायचा. कॉलेजची पोरं नोकरीसाठी शिकायला येत, आणि त्यांच्यात पहिल्या बाकावर धोतरासारखी वेष्टी नेसलेला, कपाळाला गंध लावलेला माझा मामा. पोरं त्याला ‘तात्ता’ म्हणत, म्हणजे आजोबा. शिकवणारी कविता जेमतेम पंचविशीची. तिनं विचारलं, हे शिकून काय करणार? मामा म्हणाला, छंद आहे. पुढे कुणीतरी सुचवलं की हे विकता येईल, तेव्हाही त्याचं उत्तर तयार होतं : “छंद आहे, धंदा नव्हे.” त्याचा पहिला प्रोग्राम पडद्यावर रेल्वेतलं ‘लाइन क्लिअर’ एवढंच दाखवायचा. तो चालला त्या दिवशी त्यानं सगळ्या वर्गाला वडे खिलवले. मला फोनवर सांगितलं, “एक कंस विसरला तर हा डबा तोंड फुगवून बसतो गे. थेट आमची अक्का!”

रेवाची देवनागरी प्रोग्रामकडून तमिळ अक्षरांत उतरवून घेणं त्याला लवकर जमलं. आजीच्या टॅबवर नातीचं पहिलं पत्र आलं, आणि आईनं ते गल्लीभर दाखवलं. पण उलट्या दिशेला गाडी अडली. तमिळ लिपीत प, फ, ब, भ या चौघांना मिळून एकच अक्षर. क, ख, ग, घ यांचंही तेच. बोलताना आम्हाला फरक कळतो, लिहिताना वाचणारा संदर्भानं समजून घेतो. यंत्र कसं समजून घेणार? आईनं मायेनं लिहिलं, ‘बाळ, भात खाल्लीस का?’ रेवाच्या टॅबवर उमटलं : ‘पाळ, पात काल्लीस का?’ रेवा पोट धरधरून हसली आणि तोच मजकूर हसऱ्या चेहऱ्यांसकट आजीला परत पाठवला. तमिळ अक्षरांत आईला दिसलं ते तिचंच वाक्य आणि पुढे हसणारे चेहरे. पोरीच्या मनात काही नव्हतं. पण आईला ते लागलं. पुण्याच्या मराठीपुढे आमची मराठी तमिळ हेल काढणारी, जुनाट, हे ऐकत ती म्हातारी झाली होती. तिनं टॅब कपाटात ठेवून दिला. “मज मराठी येत नाही म्हणून पोर हसते,” एवढंच म्हणाली.

मामाला अन्न गोड लागेना. कवितानं सुचवलं, शब्दांचा साठा देऊ या, यंत्र जवळचा शब्द निवडेल, बहुतेक वेळा बरोबर येईल. मामानं ते सपशेल नाकारलं. “अंदाजानं गाडी सोडत नाहींत, पोरी. बहुतेक वेळां बरोबर म्हणजे कधींतरी टक्कर.” स्टेशनात आयुष्य गेलेला माणूस, पुढचा रूळ मोकळा असल्याची खात्री झाल्याशिवाय त्यानं एक मालगाडीही सोडली नव्हती. पण दुसरा उपाय काही सापडेना. कित्येक आठवडे तो संध्याकाळी क्लासातून येऊन ओसरीवर नुसता बसून राहायचा. फोनवर आवाज इतका खचलेला, की मीच म्हटलं, मामा, सोड, मी आहे ना मध्ये...

वाट दाखवली ती आईनं. ती देवापुढे स्तोत्र म्हणत होती आणि मामा शेजारी पाटीवर आपलं गाऱ्हाणं लिहीत होता. आमच्याकडची संस्कृत स्तोत्रांची पुस्तकं तमिळ लिपीत छापलेली असतात आणि उच्चार चुकू नये म्हणून अक्षराच्या डोक्यावर बारीक आकडे असतात. ‘प’च्या डोक्यावर दोन म्हणजे फ, तीन म्हणजे ब, चार म्हणजे भ. आकडा नसला तर साधा प. लहानपणापासून ती दोघं तसंच वाचत आली. आईनं पाटी वाचली, पुस्तकावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “देवास आंकडे घालून बोलतों, तर पोरीस घालूं नये का रे?” मामा तसाच अनवाणी क्लासाकडे पळाला म्हणे. नंतर मला सांगताना हसता हसता त्याला ठसका लागला. “इतके दिवस मी डोकें फोडतों, आणि ही रोज सकाळीं तेंच वाचत बसलेली!”

मग सुरू झालं दोघींचं. आई अक्षर लिहायची, जिथं लागेल तिथं आकडा घालायची, आणि रेवाकडे शुद्ध ‘बाळ’ पोचायचं. आमचे जुने शब्द जसेच्या तसे. रेवा शाळेत ‘मज नक्को’ म्हणू लागली. सुट्टीत मामा तिला व्हिडिओ कॉलवर प्रोग्राम उघडून दाखवायचा. कुठली ओळ काय करते, कुठं हात लावायचा, कुठं अजिबात नाही. तिला प्रश्न सुचले की त्याला कोण आनंद व्हायचा!

मामाचे दिवस करून मी पुण्याला परतले. आईला बरोबर चल म्हटलं तर तिनं मान हलवली. चुलतभावाचं कुटुंब शेजारी आहे, जेवणाखाण्याची काळजी नव्हती. काळजी वेगळीच होती. तिनं लिहिणं थांबवलं. रेवा शाळेतून आल्यावर रोज काहीतरी पाठवायची, उत्तर नाही. कविता घरी जाऊन पाहून आली. टॅब, प्रोग्राम सगळं नीट चालू होतं, आई नुसती बसून होती. भाऊ गेला, पाटीही गेली. आता ही बोलणार कुणाशी, या विचारानं मला ऑफिसात काही सुचत नसे.

अशातच रेवानं प्रोग्रामला हात लावला. तिला तो जास्त झटपट करायचा होता, आणि केलं काय, तर आकड्यांचा घोळ. तिनं लिहिलं, ‘आजी, आज पोळी खाल्ली.’ आजीला मिळालं, डोक्यावर दोनचा आकडा घेऊन, ‘फोळी’. आणि इतक्या आठवड्यांनंतर तंजावूरहून तडकाफडकी उत्तर आलं : ‘फोळी नव्हे, पोळी! कोणीं बिघडवलं हें? वेंकूचें काम आहे तें. नीट कर.’ रेवा घाबरून माझ्याकडे आली. मी रडत होते आणि हसतही होते. दुरुस्तीला तिला बरेच दिवस लागले. ती बदल करायची, आजी तपासायची, चुकलं की झाडायची. आई आता मामाच्या टेबलापाशी, मामाच्याच खुर्चीत बसते, असं चुलतभाऊ सांगतो.

परवा ऑफिसातून आले तर रेवा खिडकीत बसून टॅबवर काहीतरी लिहीत होती, एकटीच खुदखुदत होती. मी सवयीनं विचारलं, “काय म्हणते गं आजी?” तिनं टॅब छातीशी धरला. “आमचं चाललंय. तुला कशाला?” मला चटकन राग आला, आणि तितक्याच चटकन गेला. मी चहा ठेवला. आत दोघींचं बराच वेळ चालू होतं. माझी आई माझ्या लेकीशी काय बोलली, ते मला अजून माहीत नाही.