मॅनेजरच्या पत्रावर माझी सही नाही

ओसाकातल्या मंडळींनो, आज जेवणाच्या सुट्टीत मी एका कागदावर सही करायला नकार दिला.

आमच्या लाडक्या बेसबॉल टीमच्या मॅनेजरने, म्हणजे मुख्य कोचने, सीझन संपताच राजीनामा दिलाय. ऑफिसातल्या आम्हा बारा चाहत्यांचं क्लबला पत्र जाणार होतं: नवा मॅनेजर म्हणून जुना स्टार फलंदाजच हवा. इथली रीतच तशी आहे. मॅनेजर घरचा हवा, म्हणजे त्याच टीमचा माजी खेळाडू. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ मोरिता-सान यांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

मी म्हटलं, "माझं मत क्लबच्याच दुय्यम संघाच्या कोचला. तो आपल्या टीमकडून कधी खेळलेला नाही, पण पिचर कधी बदलायचा हे त्याला कळतं."

तीन सीझन मी प्रत्येक सामन्याचा स्कोअर वहीत हाताने लिहिलाय. चेंडू फेकून थकलेला पिचर उशिरा बदलला म्हणून आपण किती सामने घालवले, ते त्यात दिसतं.

मोरिता-सान हसले. "जोशी-सान, बाहेरच्यांना आमची टीम कळायला वेळ लागतो."

ते कोचबद्दल बोलत होते की माझ्याबद्दल, हे मी विचारलं नाही.

शेजारून पुण्याचा केदार मराठीत कुजबुजला, "अगं, करून टाक ना! तुझ्या सहीने कोण मॅनेजर होणार आहे?"

"मग नाही केली तर काय बिघडतं?"

पत्र अकरा सह्यांनी गेलं. संध्याकाळी मी माझं वेगळं पत्र टाकलं, एका सहीचं.

नव्या सीझनला स्टँडमध्ये मी मोरिता-सानांच्या शेजारीच बसणार आहे, वही घेऊन. टीम माझीही आहे.

तुम्ही सही केली असती?